खांदा दुखला तरी या

माहा आवाज मोठा आहे, हे मले मान्य आहे. केनवडच्या बाजारात मी सांबाराच्या जुड्या घेऊन बसली अन् एक हाक मारली, तं पार पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक उठून येते. शहरातले लोक सांबाराले कोथिंबीर म्हणतात, म्हणू द्या बापा. माह्या बाजूले चतुराबाई वांगे घेऊन बसते. ती म्हणते, "प्रयागबाई, तुह्यापाशी बसून माहे कान गेले." मंग बसू नको ना! पण बसते. कारण गिऱ्हाईक माह्या आवाजानं येते अन् हात तिच्या वांग्यायवर ठेवते.

तं आमच्या घरात जे झालं, ते सारं या तोंडापायी झालं. वाईट झालं तेबी, अन् बरं झालं तेबी.

माहा पोरगा मुकेश. त्याची बायको सुचिता, मेडशीची. पोरगी इतकी हळू बोलते, की इहिरीवरची मोटर चालू असली तं तिचे नुसते ओठ हलताना दिसतात. लग्नाले पाच सालं होऊन गेले, पण घरात पाळणा हलला नाई. मी तिले कधी काही बोलली नाई. खरं सांगते, नाई बोलली. साऱ्या जगाले बोलते, पण तिचं उतरलेलं तोंड पाह्यलं की माही जीभ उचलत नसे. हळदी-कुंकवाले गेली तं बायका तिच्या ओटीत नारळ टाकाले कचरत. ती घरी येई अन् काही न बोलता भाकरी थापाले बसे. असा राग ये मले त्या बायकाईचा! एकेकीच्या घरी जाऊन सांगावं वाटे, की तुमच्या नारळाले आग लागो.

शेवटी मुकेश तिले अकोल्याच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेला. संग आमी दोघंबी गेलो, मी अन् पंजाबराव. नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणतात; मी घेते. पंजाबराव म्हणजे ठिबकचा माणूस. आमच्या मळ्यातल्या साऱ्या नळ्या त्यायनं आपल्या हातानं अंथरल्या. कुठं पाणी येत नसलं तं मातीत रांगत जातात, नळी बोटानं चाचपतात, अन् मंग जाहीर करतात, "इथं चोकअप झाली." गावात कोणाचंबी ठिबक बंद पडलं की यायलेच बोलावणं येते, अन् हे जेवण सोडून जातात.

डॉक्टरीणबाईनं आधी तपासणी केली होती, पोटात रंग सोडून फोटो काढाची. तो फोटो तिनं उजेडात धरला. "रंग पुढे जात नाहीये," म्हणे. "दोन्ही गर्भनळ्या टोकाशी बंद आहेत." लहानपणी सुचिताचं अपेंडिक्स फुटलं होतं, तवापासून आतमंदी सारं एकमेकाले चिकटलं होतं.

झालं! पंजाबराव खुर्चीवरून पुढं सरकले.

"चोकअप!" म्हणे. "मॅडम, ॲसिड सोडून पाह्यलं का?"

डॉक्टरीणबाईचा चष्मा नाकावरून खाली आला. "ॲसिड?"

"ठिबकात क्षार जमला की आमी सोडतो. रातभर ठेवाचं, सकाळी टोक उघडाचं. सारा गाळ बाहेर!"

मुकेशनं बापाचं मनगट दाबलं. सुचितानं पदर तोंडाले लावला. मले वाटलं रडून राह्यली, वाकून पाह्यलं तं हसून राह्यली. दवाखान्यात हसताना मी तिले पहिल्यांदा पाह्यलं.

डॉक्टरीणबाई भल्या मनाची. हाकलून नाई देल्लं. "काका, ही नळी प्लास्टिकची नाही," म्हणे. "आतून फार नाजूक असते. आतली लव बीज पुढे सरकवते. दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवता येईल, टोक उघडता येईल. पण उघडलेली नळी परत बंद होऊ शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचा त्रास, हे धोके असतातच. आणि एवढं करूनही मूल राहीलच, असं मी सांगणार नाही. दुसरा मार्ग टेस्ट ट्यूबचा आहे."

"म्हणजे त्याच्यातबी नळी आलीच," पंजाबराव म्हणाले. "तुमी गप बसा," मी म्हटलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंटबी गप बसले.

मंग ती सुचिताकडं वळली, अन् तिचा आवाज बदलला. "सगळ्यात महत्त्वाचं ऐक. दिवस राहिले, तर गर्भ त्या नळीतच अडकू शकतो. तिथे तो वाढू शकत नाही. नळी फुटते, पोटात रक्त होतं, बाईचा जीव जाऊ शकतो. म्हणून पाळी चुकली की लगेच यायचं. वाट बघायची नाही. एका बाजूला दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला तरी या."

"खांदा?" मी म्हटलं. "पोटातलं दुखणं खांद्यात कायले चढन?"

"पोटात रक्त साचलं की दुखणं खांद्यात जाणवतं, काकू."

आमाले काई पटलं नाई. येताना साऱ्या रस्त्यानं त्या खांद्यावरून आमी हसलो. मुकेशले शिंक आली तं पंजाबराव म्हणे, "काहून रे, खांदा दुखला का?" मेडशी आली तशी सुचितानं काचेतून माहेराकडं पाह्यलं अन् म्हणाली, "करू आपण. दुर्बिणीचं करू." गाडी तवा फाटकापाशी थांबली होती म्हणून मले ऐकू आलं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. अन् पुढच्याच बाजाराच्या दिवशी चतुराबाईनं विचारलं, "सून नाई दिसली वं बऱ्याच दिसाची?"

मी म्हटलं, "तिचं ऑपरेशन झालं!"

आता पाहा, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तं लोक म्हणतात गुडघ्याचं झालं. डोळ्याचं झालं तं म्हणतात डोळ्याचं झालं. पण आमच्याकडं तरण्या बाईचं नुसतं 'ऑपरेशन झालं' म्हटलं, की त्याचा अर्थ एकच. लेकरं बस झाले, कारखाना बंद! हे मले माहीत नव्हतं असं नाई. बोलताना ध्यानात नाई आलं, बस.

चतुराबाईच्या हातातलं वांगं हातातच राह्यलं. "एकबी लेकरू नसताना?"

"आता होईन ना, त्याच्यासाठीच तं केलं!" मी म्हटलं. पण तोवर पलीकडची मिरचीवाली उठली होती, मिरचीवालीनं लसूणवालीले सांगतलं होतं, अन् बाजार उठाच्या आत बातमी मेडशीले पोचली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दारात. रुख्मिणीबाई. जोडे न काढताच रडाले लागल्या. "माह्या पोरीची कूस बंद करून टाकली वो या लोकायनं!"

"बंद नाई हो, उघडली!" मी म्हटलं.

"उघडाले ते काय वावराचं फाटक आहे?"

गल्ली सारी जमा झाली. पंजाबरावले राहवलं नाई. ते धावत मळ्यात गेले अन् ठिबकच्या बंद नळीचा तुकडा घेऊन आले. "विहीणबाई, हे पाहा. ही सुचिताची नळी समजा." तारेनं टोक मोकळं केलं, एका बाजूनं तोंड लावलं, अन् फुंक मारली जोरात. आतला सारा चिखल विहीणबाईच्या नव्या पातळावर. मंग मात्र कोणाले समजवाले अर्थच राह्यला नाई.

संध्याकाळी सारं निवळलं, चहा झाला, पातळ धुतलं. पण सुचिता आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होती. साऱ्या गल्लीसमोर तिच्या पोटातल्या नळीत फुंक मारून दाखवली होती, तिनं काय करावं? मले लय वाईट वाटलं. रुख्मिणीबाई तिच्यापाशी बसल्या अन् म्हणाल्या, "आता दिवस गेले तं तीन महिने कोणाजवळ तोंड उघडू नको. नजर लागते. अन् इथं तं..." पुढं बोलल्या नाईत, माह्याकडं नुसतं पाह्यलं.

मुकेशनं मले देवाऱ्यापुढं उभं केलं. देवीच्या फोटोवर हात ठेवाले लावला. "म्हण आई. सुचिताच्या पोटातली गोष्ट माह्या तोंडातून बाहेर जाणार नाई."

म्हटली मी. काय करू?

ऑपरेशनले सहा-सात महिने झाले असतील. एक दिवस सकाळी आमी दोघी मळ्यात सांबार उपटत होतो. सुचिता माह्याजवळ सरकली अन् माह्या कानाशी म्हणाली, "आई, पाळी चुकली."

माह्या हातातली जुडी खाली पडली. मी तोंड उघडलं, अन् तिनं पटकन आपला हात माह्या तोंडावर ठेवला. हाताले मातीचा अन् सांबाराचा वास. मी तिले तशीच पोटाशी धरली. खूप आनंद झाला बापा मले, डोळ्याले धारा लागल्या.

मंग म्हटलं, "चाल, अकोल्याले. ती लगेच या म्हणे."

"जाऊ ना. थोडं थांबून जाऊ," ती म्हणाली. "आता गेलो तं तुमच्या लेकाले सांगा लागते, इंद्रभानभाऊची जीप सांगा लागते, तो विचारन कायले. पुन्हा सारा बाजार. तीन महिने होऊ द्या." अन् मंग आणखी हळू म्हणाली, "अन् डॉक्टर नाई म्हणाली तं? थोडे दिवस तरी मले वाटू द्या आई, की आहे."

अन् वरून माही शपथ. गप बसली.

गप बसणं काय असते, ते मले इचारा. जेवण जाईना. पोट फुगलं. एक दिवस म्हशीचं दूध काढता काढता तिलेच सांगून टाकलं सारं, तिनं कानबी हलवला नाई. बाजारात मी हाक मारणं बंद केलं. तोंड उघडलं की भलतंच बाहेर येईन अशी भीती. चतुराबाईनं मले ज्येष्ठमधाची काडी आणून देल्ली. "गळ्याले काही झालं का वं? दवाखान्यात दाखव. माहे वांगे जात नाई तुह्या आवाजाबिगर."

अन् तो बाजाराचा दिवस आला. सुचिता संग आली होती. मी तिले काहीच उचलू देल्लं नाई, नुसती बसवली पोत्यावर. सकाळपासून तिचा हात उजव्या कुशीवर. "वात असन," म्हणे. ऊन चढलं तसं तिच्या कपाळावर घाम आला, तोंड पांढरं पडाले लागलं.

"आई," ती म्हणाली, "खांदा दुखून राह्यला."

"ओझं उचललं असन तू."

"आज कुठं उचललं? तुमीच नाई उचलू देल्लं."

खांदा. ज्या खांद्यावरून आमी अकोल्यापासून केनवडपर्यंत हसलो, तो खांदा. मी उठली. तिनंबी उठून पाह्यलं, अन् ती तशीच जुड्यायच्या ढिगावर कोसळली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ पांढरे फटक. ते ओठ हलले, मी कान लावला.

"कोणाले सांगू नका, आई."

मुकेश मळ्यात. इंद्रभानची जीप बाजाराच्या पार त्या टोकाले, शिटा भरलेल्या, गाणे लावलेले, निघाच्या बेतात. फोन लावाले माह्या हाताले बटनं सापडत नव्हते. देवीले मनात म्हटलं, माय, तुले काय करायचं ते मले कर. अन् तोंड उघडलं.

"इंद्रभाऽऽऽन! जीप आऽऽण! माह्या सुनेले दिवस गेले! लेकरू नळीत अडकलं, नळी फुटली! मरून राह्यली वो माही पोरगी!"

सारा बाजार चूप. त्या जीपमधले गाणे चूप. मंग एकदम सारे धावले. जीपमधून माणसं आपापले गाठोडे घेऊन उड्या मारून उतरले, एकानं इचारलं नाई की आमी कसे जाऊ. चतुराबाई स्वतःच्या वांग्यायवर पाय देत आली अन् सुचिताचे पाय उचलले. इंद्रभाननं वाशीमच्या रस्त्याले अशी गाडी सोडली की मले देव आठवले. रस्त्यात चतुराबाईनं फोन लावून देल्ला, मी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईले ओरडून सांगतलं. ती म्हणाली, "इकडे आणू नका, वाशीमलाच न्या. मी तिथे फोन करते. दारातच सांगा, नळीचं ऑपरेशन झालेलं आहे."

दारातच सांगतलं मी. असं सांगतलं की वरच्या मजल्यावरच्या नर्सा खाली आल्या. कोणी नाव-गाव इचारत बसलं नाई, सरळ आत नेली. तिच्या गटाचं रक्त कमी होतं तिथं. पण तेवढ्यात मागून अर्धा बाजार आला, मोटरसायकलीवर, टेम्पोत, जसं भेटलं तसं. मळ्यातून मुकेश अन् पंजाबरावलेबी त्यायनंच आणलं. मी कोणाले बोलावलं नव्हतं. माही हाक त्यायनं ऐकली होती, बस. मिरचीवालीचा नवरा, लसूणवाली, अन् तिचं ऑपरेशन झालं म्हणून जे तोंडावर हात ठेवून हसले होते, तेबी बाह्या वर करून रांगेत. शेवटी जुळलं कोणाचं? चतुराबाईचं. आता ती जन्मभर ऐकवणार, "तिच्यात माहं रक्त आहे." ऐकवू दे.

डॉक्टर बाहेर आला. म्हणे, जीव वाचला. लेकरू वाचणारं नव्हतंच. उजवी नळी काढून टाका लागली. डावी आहे.

मुकेश भिंतीले टेकून खाली बसला अन् लहान लेकरासारखा रडला.

सुचिता शुद्धीवर आली तवा मी तिच्या उशापाशी होती. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मले वाटलं, आता ही माह्याशी जन्मात बोलत नाई. "शपथ मोडली व माय मी," मी म्हटलं. "साऱ्या बाजारात सांगतलं."

तिचा हात चादरीखालून आला अन् माहा हात धरला. "थोडी आधी मोडाची होती, आई," म्हणाली. अन् आमी दोघीबी रडलो, मनसोक्त, कोणाची लाज न बाळगता.

दारात पंजाबराव उभे, टोपी हातात. ते उगाच खाकरले. "एक लाइन चालू असली," म्हणे, "तरी वाफा सुकत नाई."

मी असे डोळे वटारले! मुकेशनं मान खाली घातली. पण सुचिता हसली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली, अन् हसता हसता म्हणाली, "बाबा, ॲसिड नका सोडू म्हणजे झालं."

त्याले सालभर झालं. परवाच्या बाजाराची गोष्ट. मी जुड्या मांडून बसली होती, चतुराबाई बाजूले. सुचिता घराकडून चालत येताना दिसली. गर्दीतून वाट काढत सरळ माह्यापुढं येऊन उभी राह्यली.

"आई, पाळी चुकली."

"हळू बोल," मी म्हटलं. मी! हळू बोल!

"कायले हळू?" ती म्हणे. "आजच जायचं, आत्ताच. मारा हाक इंद्रभानभाऊले."

मी उठली. तोंड उघडलं. पण मागच्या वेळची ती हाक माह्या गळ्यात अशी अडकून बसली होती, की आवाजच फुटेना. सारा बाजार माह्याकडं पाहून राह्यला. सुचितानं क्षणभर वाट पाह्यली. मंग पदर खोचला, वळली, अन् मोटर चालू असली तं ऐकू न येणारी ती पोरगी अशी ओरडली, की मिरचीच्या ढिगामागचं कुत्रं उठून पळालं.

"इंद्रभानभाऊ, जीप काढा! मले दिवस गेले! अकोल्याले जाऊन पाहाचं आहे, कुठं आहे ते!"

"थांबा, मी येते!" चतुराबाई तराजू टाकून उठली. "माहं रक्त आहे तिच्यात!"

रस्त्यात मुकेश अन् पंजाबरावले घेतलं. कोणी हसलं नाई, कोणी शिंकलंबी नाई. डॉक्टरीणबाईनं सुचिताले आत घेतलं, संग मले. ती मशीन फिरवत राह्यली, पडद्याकडं पाहत राह्यली. मले त्या पडद्यावर ढगाबिगर काही दिसेना. मी देवीचं नाव घ्याले गेली तं तेबी आठवेना.

"आत आहे," ती म्हणाली. "गर्भाशयात. बरोबर जागेवर."

दाराबाहेरून पंजाबरावचा आवाज आला, "म्हणजे नळीतून पुढं गेलं का, मॅडम?"

"गेलं, काका."

मी सुचिताच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखते का व?" मी इचारलं. इतकं हळू, की माह्याच कानाले ऐकू नाई आलं.

"नाई दुखत, आई!" ती म्हणाली, चांगली मोठ्यानं, अन् बाहेरच्या बाकावर बसलेली चतुराबाई ते ऐकून रडाले लागली.